सोमवारी या

मी पहिल्या रांगेत जाऊन बसले. तिथूनच माझं हसं व्हायला सुरुवात झाली.

डहाणूला समुद्राकडचं एक हॉटेल होतं. वरच्या मजल्यावर थंडगार हॉल, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, मागे सोनेरी फितीची गाठ. पालघर नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तिथे डॉक्टरांची कॉन्फरन्स होती. आमच्या दवाखान्यातल्या शिकाऊ डॉक्टर केतकी मॅडम मला म्हणाल्या होत्या, मावशी, तुम्ही पण चला, तुमच्यामुळेच तर ही केस झाली. झालं. मला वाटलं, आपण पाहुणी. धाकट्याच्या लग्नातली जांभळी साडी काढली. केसांना इतकं तेल चोपडलं की माशी बसली असती तर घसरून पडली असती. आणि सरळ जाऊन पुढच्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसले. सगळ्यांच्या गळ्यात नावाच्या पट्ट्या होत्या. माझ्या गळ्यात नव्हती. मग मी पदर असा पसरून घेतला की पट्टी आत झाकली गेलीय असं वाटावं. अठ्ठावन्न वर्षांची घोडी मी, आणि ही अक्कल.

(माझी नात हे लिहिलेलं तपासते. आजी, घोडी काय लिहितेस, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे, पुढे वाच, मग तूच याहून वाईट शब्द सुचवशील.)

एक तरुण डॉक्टर आला. कोट, टाय. वाकला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "मावशी, या खुर्च्या डेलिगेट्सच्या आहेत. तुम्ही जरा चहाकडे बघता का?"

मी उठले. चहाकडे बघितलं. तिथे हॉटेलचे वेटर होते, त्यांना माझी काही गरज नव्हती. तेही माझ्याकडे बघायला लागले. मग मी मागच्या भिंतीला टेकून उभी राहिले. दोन तास. जांभळी साडी नेसून.

तेव्हा ते फार लागलं मला. पण त्या दिवशी माझ्या तोंडावर जे फेकायला हवं होतं, त्याच्यापुढे हे काहीच नव्हतं. आणि ते कोणीच फेकलं नाही. कारण ते एकट्या मलाच माहीत होतं. मला, आणि जिचा फोटो पडद्यावर लागणार होता तिला.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. डहाणू आणि तलासरीच्या मधल्या एका गावात, एका ट्रस्टचा होता. मी तिथे आया. लादी पुसायची, बेडपॅन द्यायचं, चादरी बदलायच्या. पण माझं खरं काम वेगळं होतं आणि त्याला नाव नव्हतं. शहरातल्या कॉलेजातून शिकाऊ डॉक्टर यायचे, काही महिने राहायचे आणि जायचे. त्यांना पाड्यावरच्या बायांची बोली येत नाही. बायांना त्यांची येत नाही. मधे मी. पाड्यावर जन्मलेली, आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. घरात वारली बोलायचे, बाजारात गुजराती, दवाखान्यात मराठी. डॉक्टरांनी मला विचारायचं, मी बाईला. बाईनं मला सांगायचं, मी डॉक्टरांना. दोन्हीकडचे माझ्या तोंडाकडे बघत बसायचे. मग तोंडाला माज येणारच.

आणि या शिकाऊ पोरांना कॉन्फरन्सचं काय ते! ओपीडी संपली की दुसरा विषय नाही. पण सगळ्यांचं एकसारखं नव्हतं. एक उंच डॉक्टर होता, तो उघड बोलायचा की कॉन्फरन्स म्हणजे एक बॅग आणि बुफे, बाकी झोप. एक जण सरांनी सांगितलं म्हणून करायचा, तोंड पाडून. बाकीच्यांना सर्टिफिकेट हवं असायचं. पुढच्या ॲडमिशनला, बायोडेटाला एक ओळ. कोणाला पोस्टर मिळायचं, कोणाला स्टेजवर बोलायला मिळायचं. पोस्टरवाल्याने भिंतीपाशी उभं राहायचं, कोणी थांबलं तर समजवायचं. स्टेजवाला पोस्टरवाल्याशी बोलताना मान थोडी वर ठेवायचा. राबायचं शिकाऊने आणि नाव पहिलं सरांचं, यावर जेवताना शिव्या. सर आत आले की येस सर. पेशंट बरा होऊन घरी गेला तर त्याचं नाव चार दिवसांत विसरायचे. पण पेशंट 'इंटरेस्टिंग' निघाला की सगळे खाटेभोवती गोळा. शिकाऊंचं हे सगळं मी लादी पुसता पुसता ऐकायचे आणि मनात हसायचे. मी स्वतःला काय समजत होते देव जाणे.

केतकी मॅडम त्यातली घाबरट. मनाने चांगली पोर. चार लोकांपुढे बोलायचं म्हटलं की हाताला घाम. कपड्यांच्या खोलीत, धुतलेल्या चादरींच्या ढिगावर मला बसवून सराव करायची. आठ मिनिटं. घड्याळ माझ्या हातात. मला इंग्रजीचा एक शब्द कळायचा नाही, पण अडखळली की मी "नेक्स्ट स्लाइड" म्हणायचे. एकदा मी परीक्षकासारखा आवाज काढला आणि म्हटलं, "मॅडम, तुमचा सॅम्पल साइज फारच लहान आहे." हे मी जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं होतं. ती हसत हसत खाली बसली. डोळ्यांतून पाणी. म्हणाली, मावशी, तुमचं पण नाव घालीन शेवटच्या स्लाइडवर. आभार म्हणून.

पडद्यावर माझं नाव. तेवढ्यासाठीच मी ती साडी नेसले होते.

आता शनिवार. हे मी चार वेळा लिहिलं आणि चार वेळा खोडलं.

त्या शनिवारी मोठे सर आणि निम्मे शिकाऊ नाशिकला गेले होते. कॉन्फरन्सलाच. उरलेले शनिवार म्हणून घरी. एक डॉक्टर क्वार्टरमध्ये होते, बोलावलं तर येणारे. सर जाताना निरोप ठेवून गेले होते, किरकोळ असेल तर सोमवारी बोलवा. किरकोळ काय आणि मोठं काय हे सिस्टरने ठरवायचं. दुपारची वेळ. सिस्टर आत जेवत होती. दारात मी. एका स्टुलावर बसलेली, दुसऱ्यावर पाय.

वनशी आली. पूर्वेकडच्या डोंगराळ पाड्यावरची. माझी आई आणि तिची आजी एकाच पाड्यावरच्या, म्हणजे तशी ओळखीतली. चालत आलेली. कडेवर सात महिन्यांची पोर, फडक्यात गुंडाळलेली. म्हणाली, दूध ओढत नाही, छाती उडते. मी फडकं बाजूला केलं. बघितलं असं लिहिणार होते. नाही बघितलं. फडकं बाजूला केलं, एवढंच. सिस्टरला सांगायचं तर उठायला हवं होतं. आत वीस पावलं. माझे गुडघे दुखत होते. मी म्हटलं, सर्दी आहे, डॉक्टर मीटिंगला गेलेत, सोमवारी या.

ती थोडा वेळ उभी राहिली. आपल्या बाया दवाखान्यात वाद घालत नाहीत. पोरीला परत गुंडाळलं आणि गेली. तिची नोंद कुठेच झाली नाही. आलेल्यांची होते, परत पाठवलेल्यांची नसते.

गुडघे. दुसरं कारण शोधून बघितलं मी, खूप वर्षं शोधलं. नाही सापडलं.

सोमवारी ती उजाडताच दारात होती. पोरीचे ओठ निळे. डॉक्टर धावले, ऑक्सिजन लावला. पोरीला मांडीवर घेऊन बसलेल्या वनशीचा मॅडमनी मोबाईलवर फोटो काढला, ते सगळेच काढायचे. मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली. गाडी यायच्या आत पोर गेली.

केतकी मॅडमच्या हाताखाली गेलेलं ते पहिलं पोर. कपड्यांच्या खोलीत जाऊन ती रडली, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मी. मग तोंड धुऊन ती केसपेपर घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, विचारा यांना, एवढा उशीर का केला.

मी विचारलं. वनशीने माझ्याकडे बघितलं. रडत नव्हती. आमच्या बोलीत म्हणाली, "तूच तर बोललीस, सोमवारी ये."

मॅडमनी पेन उचललेलं. "काय म्हणतायत?"

मी म्हटलं, "भगताकडे गेली होती म्हणते. दोन दिवस."

पेन चालायला लागलं.

कुठला भगत, कुठल्या गावचा, त्याने काय केलं, एकही प्रश्न नाही. गाडी मिळाली नाही म्हटलं असतं तर मॅडमनी मान वर करून विचारलं असतं, कुठून येतात, किती लांब. घरात कोणी नव्हतं म्हटलं असतं तर विचारलं असतं, नवरा कुठे असतो. भगत म्हटलं की आमच्या लोकांबद्दलचे सगळे प्रश्न संपतात. हे मला पक्कं ठाऊक होतं. आश्रमशाळेतल्या गुरुजींपासून मी तेच ऐकत मोठी झाले. तुम्ही लोक असेच. ते हत्यार माझ्यावर चालवून चालवून माझ्या हाताला त्याची सवय झाली होती. वेळ आली तेव्हा मी ते उचललं आणि वनशीवर चालवलं. नोकरी वाचवायला. मराठी येत नव्हतं म्हणून ती तिथेच बसून राहिली, आणि तिच्या नावावर काय लिहिलं गेलं ते तिला कळलंही नाही.

मग अंगठे. शाईचा पॅड मीच धरायचे. पोरीला घरी न्यायचा कागद, केसपेपर, आणि तिसरा कागद इंग्रजीतला, फोटो आणि माहिती दाखवायला परवानगी देणारा. मॅडम म्हणाल्या, समजावून सांगा त्यांना. मी वनशीचा अंगठा धरला आणि तीन वेळा दाबला. तिसऱ्याचं काय समजावलं? दवाखान्याचा कागद. झालं समजावून.

तर ती ही केस. माझ्यामुळे झालेली. मॅडमना काय बोलत होत्या ते माहीत नव्हतं, पण खरंच बोलल्या.

डहाणूच्या त्या हॉलमध्ये दिवे बारीक झाले आणि पडद्यावर वनशी आली. भिंतीएवढी. डोळ्यांवर काळी पट्टी. पण कपाळावरचं गोंदण होतं, गळ्यातली तांबड्या मण्यांची माळ होती, मांडीवरची पोर होती. डोळे झाकले म्हणून माणूस झाकलं जातं होय? मॅडम अजिबात अडखळल्या नाहीत. मी भिंतीपाशी उभी राहून घड्याळ बघत होते, सवयीने. पाचव्या मिनिटाला एक ओळ आली. इंग्रजी अक्षरं एकेक जुळवत मी वाचली. भगत. शेजारी दोनचा आकडा.

माझी थाप. दिव्यात उजळलेली. एवढे कोट, एवढे टाय, आणि सगळे ती वहीत उतरवून घेत होते.

शेवटी आमचे सर उठले. म्हणाले की या लोकांना कितीही सोयी द्या, पहिली धाव भगताकडेच. लोक हसले. मग सरांना मी दिसले. हात माझ्याकडे करून म्हणाले, "या आमच्या मावशी. त्याच समाजातल्या. पण बघा, दवाखान्यात राहून किती सुधारल्या."

सगळ्या माना वळल्या. दोन तास जी कोणाला दिसत नव्हती ती एकदम दिसली. मी काय करावं? मी हात जोडले. हसले. आणि लोक टाळ्या वाजवायला लागले तेव्हा मीही वाजवल्या. जोरात वाजवल्या.

मॅडमना पहिलं बक्षीस मिळालं. शेवटच्या स्लाइडवर सरांच्या बायकोचे आणि कॉलेजचे आभार होते. माझं नाव नव्हतं. त्याचं मला वाईट वाटलं, हे पण लिहून ठेवते. आणि बुफेतले गुलाबजाम मी दोनदा वाढून घेतले, हे पण.

सरांनी मग त्या केसचा मराठीत मोठा बोर्ड करून घेतला आणि ओपीडीच्या भिंतीवर लावला. उशीर करू नका, भगताकडे जाऊ नका. खाली तोच फोटो. खिळे कोणी धरले? मी. वर्षभर मी त्याच्या खालची लादी पुसली. मान वर न करता लादी पुसता येते. चांगली पुसली जाते.

पण रांगेतल्या बाया मान वर करायच्या. पहिल्याच आठवड्यात एकीने ओळखलं. मग तलासरीच्या बाजारात, मग पाड्यावर. वनशीचा नवरा वलसाडकडे कामाला होता, तो आल्यावर त्याच्या कानावर गेलं. तो स्वतः येऊन बोर्ड वाचून गेला. शाळा शिकलेला होता बिचारा, म्हणून वाचता आला. वनशी सांगत राहिली की मी शनिवारी गेले होते. पण ती नुसती बोलत होती आणि बोर्ड छापलेला होता. सासरच्यांनी तिला माहेरी पाठवलं. पाच-सहा महिने ती माहेरी होती. हे मला रांगेतल्या बायांनी सांगितलं, मी त्यांचे केसपेपर लावत असताना. मी म्हटलं, अरेरे.

एवढंच म्हटलं. अरेरे.

पुढच्या वर्षी वनशी परत आली. नवऱ्याने परत नेलं होतं, पोटुशी होती, तपासायला आलेली. केतकी मॅडम तोवर वर्षभरासाठी आमच्याकडेच लागल्या होत्या. त्यांनी वनशीला ओळखलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांची पुण्याला मोठी कॉन्फरन्स होती, याच केसचा पुढचा भाग घेऊन. बोर्डामुळे लोक शहाणे झाले, हीच बाई आता वेळेवर आली, असं दाखवायचं होतं. बोर्डाखाली उभं करून एक फोटो हवा होता. मला म्हणाल्या, मावशी, अंगठा घ्या ना यांचा.

मी पॅड उघडला. वनशीकडे वळले. मी काही बोलायच्या आत तिने आपणहून अंगठा पुढे केला. माझ्याकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं नाही. नुसता अंगठा हवेत धरून उभी राहिली. माझ्याशी बोलायचं तिने सोडून दिलं होतं. अंगठा तेवढा द्यायचा असतो, हे तिला मीच शिकवलं होतं.

मी पॅडचं झाकण लावलं.

"नाही घेणार," मी म्हटलं.

मॅडमना वाटलं शाई संपली. मग मी सांगितलं. शनिवार, स्टूल, फडकं, गुडघे. भगत नव्हताच. आधी मराठीत सांगितलं, मॅडमसाठी. मग रांगेकडे तोंड करून तेच आमच्या बोलीत सांगितलं. शूर बाई दिसत असेन असं वाटत असेल कोणाला, तर नाक गळत होतं माझं.

मॅडम पांढऱ्या पडल्या. मग पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "मावशी, पुण्याला ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे केसचा गोषवारा, पाठवून झालाय. आता नाही बदलता येणार."

मला तिचा राग आला नाही. समोर वनशी उभी होती आणि तिला तिचं पुणं दिसत होतं. मला माझे गुडघे दिसले होते. ती आणि मी एकाच ढिगावर बसून शिकलो होतो.

मी स्टूल ओढलं, चढले आणि बोर्ड काढला. एक खिळा निघेना, तर तो कोपरा फाडला. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने स्टूल धरलं नसतं तर मी तिथेच आडवी झाले असते. बोर्डाची गुंडाळी केली आणि सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सर म्हणाले, "मावशी, तुम्हाला यातलं काय कळतं?"

मी म्हटलं, "शनिवारी दारात मी होते. तुम्ही नाशिकला होता."

दुसऱ्या दिवसापासून माझी बदली मागे, कपडे धुवायला. ओपीडीत यायचं नाही, पेशंटशी बोलायचं नाही. केतकी मॅडम पुण्याला जाऊन आल्या, सर्टिफिकेट आणलं. तिथे काय बोलल्या ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. बोर्ड परत लागला नाही.

मी मात्र बोलायचं थांबवलं नाही. शिकाऊंची नवी तुकडी आली की पहिल्या दिवशी हात पुसत पुढे यायचं, त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि शनिवार सांगायचा. त्यांना आवडत नाही. खुर्चीत चुळबुळ करतात, मोबाईल काढतात. मी सांगते की मधे बसलेल्या बाईवर विश्वास ठेवू नका, मीच ती बाई. जे उत्तर ऐकून तुमचं पेन लगेच पळायला लागेल, ते उत्तर परत विचारा. एक जण मागे लागला, मावशी, फार छान आहे, हे मी प्रेझेंट करू का? मी म्हटलं, कर ना. वनशीच्या पाड्यावर जा, तिला कळेल असं विचार, ती हो म्हणाली तर कर. तो गेला नाही. २०१९ साली नोकरी संपली. निरोप समारंभ नव्हता. अजून जाते मी. नवी तुकडी कधी येते हे मला वॉचमन सांगतो. दारातून हाकलतील तेव्हा दाराबाहेर उभी राहून सांगेन.

हे शहाणपण माझ्या डोक्यातलं नाही. माझ्या डोक्यातून गेल्या साठ-पासष्ट वर्षांत काय काय निघालं ते वर लिहिलंच आहे. बोर्ड काढला त्याच्या पुढच्या रविवारी मी वनशीच्या पाड्यावर गेले. पोटुशी बाई म्हणून घोलवडचे चिकू नेले पिशवीभर. ती अंगणात नाचणी पाखडत होती. मी समोर बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. शनिवार, गुडघे, भगत, टाळ्या, गुलाबजाम. सांगता सांगता रडायला लागले. मनात होतं की तीही रडेल, नाहीतर एक थोबाडीत देईल. दोन्हीपैकी काहीही चाललं असतं, घरी हलकी होऊन गेले असते.

तिचं सूप थांबलं नाही. माझं सांगून संपलं तेव्हा तिने खडे वेचून बाजूला टाकले, पिशवी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली,

"मला कशाला सांगतेस, बाय? मी तिथंच होते. ज्यांना म्हायती नाय त्यांना सांग. माझ्याकडं परत येऊ नको."